होल्यांना घातलेल्या अक्षता

बनारसच्या उन्हाळ्यात कुलर न लावता बसणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. वैशाखात सकाळी अकरानंतर गल्लीतल्या दगडांवर अनवाणी पाय टेकवत नाही. अशा वैशाखात आम्ही तिघं, म्हणजे हे, मी आणि आमची मुलगी, नुसत्या पंख्याखाली घाम पुसत बसलो होतो. कुलर बिघडलेला नव्हता. कुलरवर होल्यांनी घरटं केलं होतं.

घरटं कसलं डोंबलाचं! आठ-दहा काड्या, झाडूचे दोन हीर आणि कुठून तरी उचलून आणलेली एक तार. एवढ्यावर दोन पांढरी अंडी घालून बाई निवांत बसलेल्या. पारवे निदान कोनाडा तरी शोधतात. होल्याइतका बेफिकीर पक्षी मी पाहिला नाही.

आमचं घर दूधविनायकाच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. बारज्याला, म्हणजे गल्लीवरच्या गॅलरीला, वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी. इथे सगळ्यांच्याच घरांना असते. माकडं मोकळी आणि माणसं पिंजऱ्यात, हा इथला कायदा. त्या जाळीतून माकडाचा हात आत येतो, अख्खं माकड येत नाही. होला मात्र अंग चोरून बरोबर आत शिरतो. तेव्हा आमच्या कुलरसारखी सुरक्षित जागा अख्ख्या मोहल्ल्यात नव्हती. एरवी मी ते घरटं पहिल्याच दिवशी झाडूने काढलं असतं. मी तशी फटकळ, आणि पाखरांच्या घाणीचा मला मनस्वी तिटकारा. त्या वर्षी काढलं नाही, कारण माझी मुलगी त्याच्याकडे बघत बसायची. बाकी कशाकडेच ती बघत नव्हती.

का, ते आधी सांगायला हवं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा संपता संपता ती पुण्याहून आली. जावई पोचवायला आले आणि परत गेले. मी महिनाभर आधीपासून तयारीला लागले होते. ह्यांची जुनी धोतरं फाडून दुपटी शिवली. सतरा वेळा गंगेत बुडालेल्या धोतराइतकं मऊ कापड कुठल्या दुकानात मिळत नाही. कुंच्या, टोपडी, लंगोट, सगळं धुऊन उन्हात घालून घडी करून ठेवलं. मंगला गौरीच्या देवळात रोज सकाळी जाऊन यायची. गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटले होते, आता आमच्याकडे पाळणा हलणार म्हणून.

एक दिवस सकाळी ती म्हणाली, "आई, आज काही हालचालच नाही गं."

मी म्हटलं, "झोपलं असेल. त्यालाही उकडत असेल ना!"

दुपारी दवाखान्यात गेलो. ठोके नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते बाळ जन्माला आलं. जन्माला आलं असंच म्हणावं लागतं, दुसरा शब्द नाही. मुलगी होती. सिस्टरने तिला गुंडाळून हातात धरलं आणि मला विचारलं, "माँ को दिखा दें?" पलंगावरून माझी मुलगी अर्धवट ग्लानीत म्हणत होती, "मला द्या. मला बघू द्या."

आणि मी म्हटलं, "नहीं नहीं, मत दिखाइए."

आमच्याकडे असंच सांगत आलेत. बघितलं की जीव अडकतो. बघू नये, म्हणजे बाई लवकर सावरते, पुढचं लवकर होतं. माझ्या आईने हेच सांगितलं असतं, सासूबाईंनी हेच सांगितलं असतं. मी तेच केलं, आणि मोठ्या शहाणपणाने केलं. ह्यांना म्हटलं, तुम्ही घेऊन जा. हे तिला एका दुपट्यात घेऊन घाटावर गेले, नाव केली, मधल्या धारेत सोडून आले. ह्यांचा जन्म गेला लोकांची पिंडदानं करण्यात. महाराष्ट्रातून येणारे किती यजमान ह्यांच्या हाताखालून गेले असतील. पण एवढ्याशा जिवासाठी शास्त्रात काही नाही. ना मंत्र, ना पिंड, ना सुतक धड. हे परत आले, आंघोळ केली आणि पूजेला बसले. मी काही विचारलं नाही. हेही काही बोलले नाहीत.

ती घरी यायच्या आत मी खोली रिकामी केली. दुपटी, कुंच्या, सगळं ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर. तिने दारात उभं राहून खोली पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं सोडलं.

भांडली नाही हो. भांडली असती तर मी चार शब्द ऐकून घेतले असते, चार ऐकवले असते. जेवायला हाक मारली की यायची, वाढलेलं खायची, ताट उचलून ठेवायची. बाबांशी हो-नाही इतपत. नवऱ्याशी फोनवर हं, हं. जावई चार दिवस राहून गेले, त्यांच्याशीही तेवढंच. मला आई म्हणून हाक नाही. तिला दूध आलं होतं. गोळ्या दिल्या, छाती घट्ट बांधली, तरी दोन दिवस येत राहिलं. तिचा ब्लाउज ओला व्हायचा आणि ती माझ्या हातून कोरडा ब्लाउज घ्यायची, तोंड भिंतीकडे करून. माझ्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. पण माझं तोंडही असं की धड माफी मागता येत नाही. मी आपली "मुगाची खिचडी करू का, भाकरी करू का" करत राहायची.

तीन आठवडे गेले. ऊन चढलं. एक दिवस मी कुलरचं बटण दाबायला बारज्यात गेले, तर मागून आवाज आला, "आई, कुलर लावू नकोस."

मी तशीच उभी राहिले. वळायची भीती वाटली.

"वर अंडी आहेत. पाण्याच्या आवाजाने उडून जाईल ती. नको ना परेशान करूस."

"नाही लावत, बाई. कद्धी नाही लावत," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले.

त्या दिवसापासून आमच्या घरात होल्यांचं राज्य सुरू झालं. मी बाजरी आणली, राळे आणले. पितळेची एक पसरट थाळी बारज्याच्या कोपऱ्यात ठेवली, शेजारी मातीच्या परळात पाणी. सकाळी सातला मी दाणे घालायची आणि दारामागे सरकायची. नर खाली उतरायचा, मान पुढे-मागे करत, गळा फुगवत, मोठा जमीनदार असल्यासारखा. खाऊन झालं की वर जाऊन बसायचा आणि मग मादी खाली यायची. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून बसलेली असायची, मोबाइलवर काहीबाही वाचून मला सांगायची.

"आई, दिवसा बाप बसतो अंड्यांवर. दहा ते पाच. संध्याकाळपासून सकाळपर्यंत आई."

"म्हणजे नोकरीच की सरकारी!" मी म्हटलं.

ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं तिच्या. मी त्या हसण्यावर दिवस काढला.

आणखी एकदा म्हणाली, "ह्यांना दूध येतं, माहीत आहे? पिल्लांसाठी. गळ्यात तयार होतं. बापालाही येतं." मग स्वतःच्या कुशीत हात आवळून बसली. जन्मात पहिल्यांदा मला कळलं की काही वेळा तोंड बंद ठेवावं.

सरळच सांगते. ही पिल्लं निघाली, मोठी झाली, उडाली, की माझी लेक उठून उभी राहील, असं मी मनाशी धरून बसले होते. देवाला तसं बोललेही होते. त्या आठ-दहा काड्यांवर माझा सगळा संसार टांगलेला होता.

पिल्लं निघाली. काय ती रूपं! पिवळे केस, डोळे मिटलेले, चोच अंगापेक्षा मोठी. स्टुलावर चढून तिने पाहिलं आणि खळखळून हसली, "ई, किती कुरूप आहेत गं आई!" हे आतल्या खोलीतून धावत आले, काय झालं म्हणून. त्या दिवशी तिने आपणहून डोक्याला तेल लावून मागितलं. दोन दिवसांनी माझ्याजवळ भाजी चिरायला बसली. जावयांना फोनवर सांगताना ऐकलं मी, "ये ना इकडे, पिल्लं बघायला ये." माझा जीव भांड्यात पडला.

मग अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी ह्यांच्याकडे चार ठिकाणची कामं. संध्याकाळी हे थकून आले आणि नेहमीसारखी झोळी माझ्यापुढे ठेवली. झोळीत पूजेतून उरलेल्या अक्षता, कुंकवाने लाललाल. पूर्वी आम्ही त्या गंगेत सोडायचो. आता घाटावर निर्माल्य टाकू देत नाहीत, ते बरोबरच आहे म्हणा. पण देवाच्या डोक्यावरचे तांदूळ कचऱ्यात कसे टाकायचे? पायदळी येतील. म्हणून मी डबाभर साठवून ठेवायची.

तो डबा हातात घेतला आणि मला वाटलं, ह्या पाखरांनाच का घालू नयेत? मुंजीत, लग्नात आपण ज्यांचं भलं व्हावं त्यांच्या डोक्यावर अक्षता टाकतो. ह्या दोन पिल्लांइतकं कुणाचं भलं व्हावं असं मला त्या वेळी वाटत नव्हतं. अक्षय्य तृतीयेच्या दिवसाच्या अक्षता, त्याहून मोठा आशीर्वाद कुठला? मी बाजरी बंद केली आणि थाळीत अक्षता घातल्या. होल्यांना तांदूळ फार आवडले. नर तर थाळी सोडायला तयार नव्हता. खाऊन वर जायचे, पिल्लांच्या चोची आपल्या चोचीत धरून भरवायचे. मी खाली उभी राहून मनातल्या मनात म्हणायची, खा रे बाबांनो, मोठे व्हा.

सासूबाई घरी कुंकू करायच्या, हळकुंडं, लिंबू आणि टाकणखार घालून. ते कुंकू चिमणीने खाल्लं असतं तरी काही झालं नसतं. आताचं कुंकू गल्लीच्या तोंडाशी पुडीत मिळतं. बोटाला लागलं की साबणाने तीन दिवस जात नाही. हे मला माहीत नव्हतं का? रोज माझीच बोटं लाल होत होती. पण देवाचं म्हटलं की आमची अक्कल गहाण पडते.

चौथ्या दिवशी सकाळी उठून बघते तर मादी घरट्यावर नाही. जाळीच्या गजावर बसलेली, नुसती बसलेली. स्टुलावर चढले. एका पिल्लाची मान काड्यांवरून खाली लोंबत होती. दुसरं त्याच्या अंगाखाली. दोन्ही गार. अंगाची कातडी इतकी पातळ की गळ्याखालची पिशवी आतून दिसत होती. ती लाल होती.

उन्हानेही गेली असतील, कुणी म्हणेल. मी डॉक्टर नाही, शपथेवर सांगू शकत नाही. पण मला शंका नाही. मी मारली ती.

पहिला विचार काय आला सांगू? ती उठायच्या आत नाहीसं करायचं. गंगेत सोडायचं, घरटं झाडायचं, कुलर पुसायचा आणि सांगायचं, अगं, पहाटेच उडाली दोघं, मी पाहिलं. नऊ-दहा दिवसांची पिल्लं उडत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण तिला खरं वाटेल, तिला खरं वाटून घ्यायचं असेल, असं मला वाटलं. मी पिल्लं कागदात गुंडाळली, पदराखाली घेतली आणि चपला न घालता जिना उतरायला लागले.

जिन्यात हे भेटले. गंगेहून आंघोळ करून येत होते, अंगावर ओला पंचा, हातात तांब्या.

"काय आहे ते?"

मी दाखवलं. कुंकवाचंही सांगितलं. वर म्हटलं, "बाजूला व्हा हो. उठेल ती. तिला कळता कामा नये."

पस्तीस वर्षांत ह्या माणसाने माझा शब्द मोडला नाही. घरात काय शिजवायचं, मुलीला कुठे द्यायचं, सगळं मी ठरवलं, हे मान हलवत आले. त्या दिवशी जिन्यात भिंतीसारखे उभे राहिले.

"वर चल," म्हणाले.

"अहो, मरेल ती!"

"नाही मरत. तेव्हाही मेली नसती." मग अगदी हळू म्हणाले, "तेव्हा मी तुझं ऐकलं. आता नाही ऐकणार."

मी वर आले. ती उठून पलंगावर बसलेली होती, केस विसकटलेले. मी तिच्यासमोर खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं. पिल्लं गेली. मी अक्षता घातल्या. बाजरी बंद करून अक्षता घातल्या, तीन दिवस. कागद उघडून तिच्यापुढे धरला.

वाटलं होतं ओरडेल, मला ढकलून देईल. तिने एक पिल्लू उचलून तळहातावर घेतलं. पंख बोटाने उलगडून पाहिला. पायाची बोटं एकेक करून सरळ केली. डोळ्यांवरून बोट फिरवलं. मग दुसरं घेतलं, त्याचंही तसंच. किती वेळ, कोण जाणे. एवढं निगुतीने मी कुणाला काही बघताना पाहिलेलं नाही.

मग मान वर न करता म्हणाली, "आई, ती कशी होती?"

"कोण?" मला कळलं होतं, तरी मी विचारलं.

"माझी."

दोन्ही पिल्लं तिने परत माझ्या हातातल्या कागदावर ठेवली.

"केस होते? रंग कसा होता? आई, सांग ना गं. आता तरी सांग."

मी पाहिलीच नव्हती. सिस्टर तिला घेऊन माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि मी तोंड फिरवलं होतं, खिडकीकडे. लेकीला जपायला म्हणून नको म्हटलं, असं मी दीड महिना स्वतःला सांगत होते. खोटं. मलाच बघवत नव्हतं. मी मला जपलं होतं.

"मी नाही पाहिलं गं बाळा," मी म्हटलं. "मला धीर झाला नाही."

तिने वर पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे कुणीच नाही?" ती म्हणाली. "तिला कुणीच बघितलं नाही?"

"मी पाहिली," हे दारातून म्हणाले.

हे आत आले, ओल्या पंचानिशी तिच्या पलंगावर टेकले. लोकांच्या घरी तासन्‌तास मंत्र म्हणणारा माणूस, पण घरात मोजकं बोलणारा. तो बोलत राहिला. मधल्या धारेत गेल्यावर नाव वल्हवणाऱ्या मल्लाहाला म्हटलं, जरा थांबव. दुपटं उघडलं. केस होते, पुष्कळ, काळे, कपाळाला चिकटलेले. गोरी होती. हनुवटी तुझ्यासारखी. एक मूठ मिटलेली होती, ती मी उघडून पाहिली, नखं आलेली होती. ओठांवर गंगा घातली. शास्त्रात काही नाही, तर न का असेना. कानात नाव सांगितलं.

"नाव?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही नाव ठेवलंत?"

ह्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

आणि मग ती रडली. दीड महिना साठलेलं सगळं, धाय मोकलून, ते नाव घेऊन घेऊन. ह्यांच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. हेही रडले. मी तिथेच फरशीवर कागद हातात धरून बसले होते, दोघांपासून हातभर अंतरावर. पुढे व्हावं असं फार वाटलं. कुणी बोलावलं नाही, आणि बोलावतील असं तोंड माझं नव्हतं.

जरा वेळाने तिने माझ्या हातातून पिल्लं घेतली. ती आणि हे बालाजी घाटावर गेले. मी जाळीतून बघत होते, गल्ली वळेपर्यंत. तिने वळून पाहिलं नाही.

ती जेठात पुण्याला गेली. आता बरी आहे. रोज फोन करते, मला आई म्हणते, पथ्यपाणी विचारते, मीही आपली बडबड करते. तिने मला कधी दोष दिला नाही. कुंकवाचा नाही आणि दुसऱ्या गोष्टीचाही नाही. त्या दोघांचं फोनवर कधी तरी ते नाव निघतं, मला स्वयंपाकघरात ऐकू येतं, आणि मी नळ सोडते.

डोळे कसे होते, नाक कुणासारखं होतं, हे त्या दिवशी ह्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तर सांगतील, हे मला माहीत आहे. रोज दुपारी हे समोर बसून जेवतात, मी वाढते, आणि विचारत नाही.